तळेवाडीचे सत्तावीस धनादेश

मे २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीच्या २७ कुटुंबांना कर्नाटकच्या वनमंत्र्यांनी प्रत्येकी दहा लाख रुपयांचे धनादेश दिले. ठरलेली रक्कम पंधरा लाखांची आहे. उरलेले पाच लाख घर रिकामे करून जंगलाबाहेर पडल्यावर मिळायचे. तळेवाडी भीमगड अभयारण्याच्या पोटातले गाव. आतल्या डझनभर गावांपैकी पैसे हातात घेऊन निघायला तयार झालेले हे पहिले. गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, मेंडील, देगाव, आमगाव यांच्यापुढे आता तोच प्रश्न उभा आहे.

सीमाभागात या बातमीवर साधारण दोन तऱ्हेने बोलले गेले. काहींच्या मते जंगलात खितपत पडलेल्या माणसांची सुटका झाली. काहींना यात मराठी गावे उठवण्याचा डाव दिसला. पहिल्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. दुसऱ्यामागचा संशय १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा, म्हणजे राज्य पुनर्रचनेत हा भाग कर्नाटकाकडे (तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे) गेला तेव्हापासूनचा आहे, त्यामुळे तो नुसता झटकून टाकता येत नाही. पण आतल्या गावांच्या कामाचे या दोन्हींतून फारसे काही हाती लागत नाही. त्यांना एवढेच ठरवायचे आहे की सही करण्याआधी आपल्या हातात काय असायला हवे. माझे म्हणणे असे की हक्काचा कागद आधी आणि धनादेश नंतर, हा क्रम उलटला तर मिळालेले पैसे गाव सोडण्याचे असतात, गावात जे होते त्याचे नसतात. तळेवाडीचे प्रकरण त्या नजरेने उलगडून बघायला हवे.

गाव आणि पाऊस

खानापूर हे मलप्रभेच्या काठचे तालुक्याचे गाव. पूर्वेला नंदगड, हलशीकडे भाताची आणि उसाची शेती, पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, हेम्माडग्याकडे नुसते रान. बेळगाव जिल्ह्यातल्या जंगलाचा मोठा वाटा या एकट्या तालुक्यात आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिच्या शेजारच्याच डोंगरात, देगावजवळ, म्हादई उगवते आणि पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. एकाच पावसाचे पाणी डोंगराच्या कुठल्या अंगाला पडले, यावर ते बंगालच्या उपसागरात जाणार की अरबी समुद्रात हे ठरते.

हा पाऊस साधासुधा नाही. आमगावच्या पर्जन्यमापकावर २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला होता. दरवर्षी इतका पडत नाही, पण जूनच्या मध्यापासून ओढे भरले की आतल्या वाड्या बाहेरच्या जगापासून तुटतात. घरात भात, नाचणी, मीठ, सुकी मासळी, रॉकेल भरून ठेवायचे आणि गणपतीपर्यंत दिवस काढायचे. दिवस भरत आलेली बाई पाऊस लागण्याआधी बाहेरच्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवतात. बहुतेक गावांना पक्का रस्ता नाही, विजेच्या तारा पोचलेल्या नाहीत, फोनला रेंज नाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. आतल्या बायकांना तिचा फायदा घ्यायचा तर आधी रानातून चालत बसपर्यंत पोचावे लागते.

२०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाची डोली करून, भरलेला ओढा ओलांडून, काही किलोमीटर रानवाटेने रस्त्यापर्यंत नेले. त्या डोलीचे चित्रीकरण राज्यभर फिरले आणि स्थलांतराचा विषय, जो वर्षानुवर्षे फायलीत होता, एकदम विधानसौधापर्यंत गेला. त्याच वर्षाअखेर विधिमंडळाच्या बेळगावच्या अधिवेशनाच्या सुमारास वनमंत्र्यांनी आतल्या गावांना भेट दिली. जे आपखुशीने बाहेर येतील त्यांना कुटुंबामागे पंधरा लाख, अशी घोषणा झाली. पुढच्या मे महिन्यात धनादेश निघाले. सरकारी कामाचा एरवीचा वेग पाहता हे फार लवकर झाले.

जंगलाची बाजू

अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र १९० चौरस किलोमीटर. नाव शिवकाळाशी जोडल्या गेलेल्या भीमगडावरून. प्राणिशास्त्रात मात्र ही जागा अभयारण्य होण्याआधीच प्रसिद्ध झाली, ती बारापेड्याच्या गुहांमुळे. इथे राहणाऱ्या रॉटनच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले आणि पुढची कित्येक दशके हे वटवाघूळ जगात फक्त या गुहांतच असल्याचे मानले जाई. नंतर मेघालयात आणि कंबोडियात त्याची नोंद झाली. तरी बारापेड्याचे महत्त्व कमी झालेले नाही.

याहून मोठे कारण नकाशात दिसते. भीमगडच्या पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेला दांडेली-अणशीचा काळी व्याघ्र प्रकल्प. वाघाला या सगळ्यांतून फिरायला जी सलग वाट लागते, तिचा मधला दुवा भीमगड. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईला व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला तेव्हाही ही सलगता हाच युक्तिवादाचा गाभा होता. तेव्हा आतली वस्ती कमी झाली तर जंगलाला फायदा होईल, हे वनखात्याचे म्हणणे निराधार नाही. गवे भातात उतरतात, अस्वलाशी गाठ पडून माणसे जखमी होतात. वस्ती बाहेर आली तर हा झगडाही कमी होईल.

फक्त एक गोष्ट आतल्या माणसाच्या डोळ्यांत खुपते. याच डोंगरातून कळसा आणि भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्याची योजना आहे. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात त्यासाठी कर्नाटकाला ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले: कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद. पण ज्या रानात पाणी वळवण्यासाठी खोदाईचा आराखडा बसतो, त्याच रानात दवाखान्यापर्यंत जायचा रस्ता का बसत नाही, असे कुणी विचारले तर त्याला विकासविरोधी किंवा निसर्गविरोधी म्हणून गप्प करता येणार नाही.

दोन कायदे, एक गाव

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम १८ नुसार सरकार अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर करते. मग जिल्हाधिकारी आतल्या लोकांचे हक्क तपासतात. इथे एक बारकावा आहे जो आतल्या फार थोड्या लोकांना सांगितला जातो. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत फरक आहे. अभयारण्यात कलम २४ नुसार जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून एखाद्याचा हक्क तसाच पुढे चालू ठेवू शकतात. म्हणजे अभयारण्य झाले की माणूस आपोआप बाहेर, असे कायदा म्हणत नाही.

मात्र रोजच्या जगण्यावर बंधने येतात. फेब्रुवारी २००० च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतून वाळके लाकूड आणि गवतसुद्धा बाहेर नेण्यास मनाई केली. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाल्यावर ही मनाई या गावांच्या दारात आली. मध, शिकेकाई, कोकमाची फळे, पावसातली अळंबी हे काल घरचे होते, आज ते गोळा करताना फॉरेस्टवाला दिसला की पाटी लपवायची पाळी.

दुसरा कायदा वनहक्काचा, २००६ चा. १३ डिसेंबर २००५ रोजी जो जंगलजमीन कसत होता, त्याला चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळू शकतो. अनुसूचित जमातीला एवढे पुरे. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या भागात राहत असल्याचे दाखवावे लागते. खानापूरच्या रानातले मराठा, कुणबी, गवळी धनगर यातले बहुतेक कर्नाटकात जमातीच्या यादीत नाहीत. त्यांना डिसेंबर १९३० च्या मागे जाऊन पुरावा आणायचा आहे. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. कागद कुणाच्या दप्तरात, कुठल्या भाषेत, याचाच शोध एका माणसाच्या आवाक्याबाहेरचा.

पण कायद्याचे नियम या बाबतीत उदार आहेत. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुनी विहीर, घराचे जोते, स्मशान, देवस्थान, जुनी गॅझेटियर, वनखात्याचे स्वतःचे जुने आराखडे हे सगळे पुरावे चालतात. त्यातले किमान दोन हवेत. ७५ वर्षे त्याच तुकड्यावर नांगर चालवल्याचा पुरावा मागता येत नाही, त्या भागात राहत होतो एवढे पुरते, असा खुलासा केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने केलेला आहे. तालुका पातळीवर हा खुलासा सोयीने विसरला जातो आणि दावे नाकारले जातात. दावा फेटाळला तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते. कन्नडमधला फेटाळणीचा कागद मराठी माणसाने वाचून घेईपर्यंत त्यातले निम्मे दिवस जातात, ही सीमाभागाची खास भर. भाषेचा प्रश्न मोर्च्यापुरता नसतो, तो असा मुदतीत घुसतो.

या कायद्यातली दोन कलमे तळेवाडीच्या प्रकरणाची कळ आहेत.

कलम ३(२): शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, विजेची तार, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी दर कामामागे एक हेक्टरपर्यंत जंगलजमीन देता येते, हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने. त्याला वन संवर्धन कायद्याची लांबलचक परवानगी लागत नाही. अभयारण्यात वन्यजीव कायद्याचा अडसर राहतो हे खरे, म्हणून सगळाच दोष खालच्या अधिकाऱ्यावर टाकणे बरोबर नाही. पण पायवाट रुंद करणे, ओढ्यावर साकव घालणे, सौर दिवे लावणे एवढ्यासाठी हे कलम कामाला येते. आतल्या गावांच्या वतीने ग्रामपंचायतीत कुणी हे कलम घेऊन ठराव मांडत नाही, कारण ते कुणी सांगतच नाही.

कलम ४(२): वन्यजीवांसाठी राखायच्या अतिमहत्त्वाच्या जागेतून लोकांना हलवायचे असेल तर आधी त्यांचे हक्क निश्चित झालेले हवेत. लोकांच्या राहण्याने भरून न येणारी हानी होते हे दाखवलेले हवे. एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग उरला नाही हेही दाखवायचे. ग्रामसभेची माहितीपूर्वक लेखी संमती हवी. आणि नव्या जागेतली जमीन व सोयी तयार होईपर्यंत कुणाला हलवता येत नाही. शेवटची अट पुन्हा वाचावी. आधी नवे गाव, मग जुने सोडायचे.

मग तळेवाडीत या पायऱ्या का चढाव्या लागल्या नाहीत? कारण इथे कुणी कुणाला हलवत नाही, लोक आपणहून जात आहेत, अशी मांडणी आहे. घरागणिक संमतिपत्र आणि घरागणिक धनादेश. या वाटेने गेले की कलम ४(२) ची ग्रामसभाही मागे पडते आणि जमीन संपादनाचा हिशेबही. हे बेकायदा आहे असे मी म्हणत नाही. पण ही वाट कुणाला स्वस्त पडते, हे पाहिले पाहिजे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात वनहक्काचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळालेला माणूससुद्धा जमीनमालक धरला जातो. सरकारने त्याची जमीन रीतसर घ्यायची ठरवली तर बाजारभाव, तो ग्रामीण भागात वाढवून धरणारा गुणक, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, शिवाय पुनर्वसन हे सगळे लागू होते. ज्याच्याकडे पट्टा नाही, त्याच्या बाबतीत मोजायला काही उरतच नाही. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, फक्त वारसाने जातो. म्हणून काही जण म्हणतात, विकता न येणाऱ्या कागदाचा उपयोग काय? उपयोग याच ठिकाणी होतो. सरकार समोर बसून किंमत ठरवत असते तेव्हा.

पंधरा लाखांत काय बसते

हा आकडा व्याघ्र प्रकल्पांतून आलेला. २००८ मध्ये केंद्राने व्याघ्र प्रकल्पातल्या कुटुंबासाठी दहा लाख ठरवले, २०२१ मध्ये ते पंधरा झाले. भीमगड व्याघ्र प्रकल्प नाही, पण माप तेच वापरले. मूळ योजनेत दोन पर्याय आहेत. पहिला, सगळी रोकड घ्या आणि आपले आपण बघा. दुसरा, वनखात्याने पुनर्वसन करायचे: रकमेच्या ३५ टक्क्यांत दोन हेक्टर शेतजमीन आणि तिची मशागत, ३० टक्के हक्कांच्या मोबदल्यासाठी, २० टक्के घरजागा व घरासाठी, १० टक्के सामाईक सोयींसाठी, ५ टक्के प्रोत्साहन म्हणून.

ही विभागणी पाहिल्यावर रोकड पर्याय म्हणजे काय ते कळते. पंधरा लाखांतले पाच सव्वापाच लाख दोन हेक्टर जमिनीसाठी धरलेले आहेत. खानापूर, बेळगाव परिसरात एवढ्या पैशांत दोन हेक्टर पाण्याखालची जमीन मिळेल असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वनखाते जमीन शोधणार असते तर ही अडचण खात्याच्या गळ्यात पडली असती. रोकड दिल्याने ती कुटुंबाच्या गळ्यात पडली.

आता घरातला हिशेब. समजा, एक घर आहे. आजी, नवरा-बायको, शाळेतली मुलगी, आणि गोव्यात हॉटेलात कामाला लागलेला मुलगा. खाचरात वर्षाचे भात पिकते, वरकसावर नाचणी. तीन म्हशी. दूध रोज बाहेर पोचवता येत नाही म्हणून चुलीवर आटवून खवा करायचा. जांबोटी भागाचा खवा बेळगावच्या मिठाईवाल्यांकडे जातो, कुंद्याच्या कढईत पडतो. सरपण रानातले, पाणी झऱ्याचे, चारा फुकट, घराला भाडे नाही. वर्षाकाठी रोख हातात थोडी येते, पण खर्चही थोडाच. गरिबी म्हणावी तर म्हणता येईल. उपासमार नाही.

हेच घर खानापूरच्या कडेला आले. पंधरा लाखांतून गुंठा-दोन गुंठे घेऊन दोन खोल्या बांधल्या तर रकमेचा मोठा भाग तिथेच गेला. बांधलेच नाही, भाड्याने राहिले आणि सगळे पंधरा लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला एक लाख पाच हजार, महिन्याला पावणेनऊ हजार. त्यातून भाडे, तांदूळ, गॅस, वीज, पाणी, औषध, मुलीची रिक्षा. म्हशी ठेवायला गोठा नाही, चारा विकतचा, म्हणून त्या विकल्या. रोजगार हमीवर गेले तर २०२५-२६ च्या दराने दिवसाला ३७० रुपये, शंभर दिवस पुरते मिळाले तर ३७ हजार. आणि व्याज कायम सात टक्के राहील, घरात कुणी मोठे आजारी पडणार नाही, कुणी पैशासाठी भाऊबंदकी काढणार नाही, एवढे सगळे गृहीत धरून.

या हिशेबात सर्वांत मोठा तोटा बायकांच्या वाट्याला येतो. खवा, कोंबड्या, रानभाजी, काजू-बिया यांचे पैसे त्यांच्या हातात पडत. ते उत्पन्न कुठल्याच पंचनाम्यात येत नाही, म्हणून त्याची भरपाईही नाही. वनहक्काचा पट्टा कायद्याने नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. धनादेश कुणाच्या नावाने निघावा, संयुक्त खाते असावे का, हे मात्र प्रत्येक गावाने मागून घ्यावे लागेल.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती टाळून हे प्रकरण लिहिणे अप्रामाणिक ठरेल. वर लिहिलेल्या घरातला मुलगा परत येणार नाही. त्याची बायको चूल आणि ओढ्याचे पाणी असलेल्या घरात यायला तयार होणार नाही. आतल्या मुलांची लग्ने जमत नाहीत ही तक्रार पैशाच्या तक्रारीहून जुनी आहे. मुलगी सातवीनंतर बाहेर ठेवावी लागते नाहीतर शाळा सुटते. आजीला रात्री छातीत दुखले तर सकाळ होईपर्यंत वाट पाहण्याखेरीज इलाज नाही. तळेवाडीच्या लोकांना फसवले गेले असे म्हणणारे स्वतः खानापुरात नाहीतर बेळगावात पक्क्या घरात राहतात. लोकांनी पैसे डोळे उघडे ठेवूनच घेतले. माझा आक्षेप त्यांच्या निर्णयावर नाही. त्यांच्यापुढे राहण्याचा पर्याय कधीच नीट मांडला गेला नाही, यावर आहे. साकव, सौरदिवे, पावसाळ्यात आत मुक्कामाला राहणारी एक परिचारिका आणि हातात पट्टा, एवढे असते आणि तरीही २७ घरांनी धनादेश घेतला असता, तर या प्रकरणावर लिहिण्यासारखे फारसे काही नव्हते.

दुसरीकडे काय झाले

कर्नाटकातच भद्रा अभयारण्याचे उदाहरण आहे. २००१-०२ मध्ये तिथून ४१९ कुटुंबे एम. सी. हळ्ळी आणि केळगूर या दोन ठिकाणी हलवली गेली. पुनर्वसनात त्यांना शेतजमीन मिळाली, घरे, वीज, शाळा मिळाली. सगळे गोड झाले नाही, पण देशातल्या यशस्वी स्थलांतरांत त्याचे नाव घेतले जाते. त्यामागे वनखाते, महसूल खाते, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि गावकरी यांची बरीच वर्षांची बोलणी होती. तळेवाडीत घोषणेपासून धनादेशापर्यंत एक पावसाळासुद्धा मध्ये गेला नाही.

मेळघाटची गोष्ट उलटी. अकोटकडे उतरवलेल्या कोरकू गावांतले काही लोक जमीन, पाणी, दवाखाना यांची आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून पुन्हा जंगलात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची वनकर्मचारी व पोलिसांशी चकमक झाली. तिथे नोंदलेल्या तक्रारींत रकमेपेक्षा नव्या जागेवर काय नव्हते याचाच भरणा होता. चांदोलीचे विस्थापित तर सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला ओळखीचेच आहेत. जमीनवाटपाचे त्यांचे मोर्चे एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिले.

ही तिन्ही प्रकरणे शेजारी ठेवली तर तळेवाडी भद्रापेक्षा मेळघाटाच्या जवळ जाते, एका फरकाने. मेळघाटात निदान एक गाव म्हणून लोक उतरले, त्यामुळे तक्रार करायला गाव होते. रोकड घेतलेली २७ घरे ज्याला जिथे जमले तिथे जाणार: कुणी हेम्माडग्याच्या रस्त्याला, कुणी खानापुरात, कुणी गोव्यातल्या पोराकडे. त्यांची ग्रामसभा उरणार नाही. देवाची जत्रा कुणी करायची, पालखीचा मान कुणाचा, हेही प्रश्न आहेत, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण त्याहून रोकडी अडचण अशी की दुसरा हप्ता अडला तर एकत्र जाऊन विचारणारे कुणी असणार नाही.

आता रांगेतली गावे

तळेवाडीचे जे झाले ते झाले. तिथल्या लोकांसाठी आता एवढेच पाहायचे: पाच लाखांचा हप्ता किती दिवसांत मिळणार हे लेखी मागून ठेवणे, रेशनकार्ड आणि मतदारयादीतले नाव नव्या पत्त्यावर नेणे, आणि गावातल्या ज्या जमिनीचा उतारा स्वतःच्या नावावर आहे ती सोडल्याची सही पंधरा लाखांच्याच कागदात गेली का, हे एखाद्या वकिलाकडून वाचून घेणे. कागद कन्नडमध्ये असेल तर मराठी भाषांतर मागायला लाजू नये.

गवाळी, आमगाव, देगाव, कृष्णापूर यांना मात्र अजून वेळ आहे. त्यांनी पहिले काम वनहक्काचे दावे घेऊन तपासणाऱ्या वनहक्क समितीचे करावे. ती ग्रामपंचायतीच्या नव्हे, वाडीच्या ग्रामसभेत बसवता येते. दहा ते पंधरा जण, त्यात किमान तिसरा हिस्सा बायका. निम्मे गाव हजर हवे, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायका. वैयक्तिक दाव्यांबरोबर सामूहिक दावाही घालावा: चराई, गौण वनोपज, झरे, देवराई. सामूहिक दाव्याकडे सीमाभागात जवळजवळ कुणाचे लक्ष नाही, आणि नुकसान सर्वांत जास्त तिथेच होते, कारण वैयक्तिक भात-खाचर लहान असते, गुरे चरायचे रान मोठे.

मोजणीचाही प्रश्न आधीच काढावा. व्याघ्र प्रकल्पाच्या नियमांत अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न न झालेली सज्ञान मुलगी, विधवा, घटस्फोटित बाई, अपंग व्यक्ती हे प्रत्येकी स्वतंत्र कुटुंब धरले जातात. भीमगडमध्ये कुटुंब कसे धरले जाते, हे घोषणेत नव्हे, आदेशाच्या प्रतीत वाचायला हवे. एका घरात दोन सज्ञान मुले असतील तर पंधरा आणि पंचेचाळीस लाखांचा फरक पडतो, आणि यादी एकदा पक्की झाली की नाव घालणे फार जड जाते. गोव्यात कामाला गेलेल्या पोरांची नावे गळण्याची शक्यता सर्वांत जास्त. यादी तयार होताना ते गावात नसतात.

त्यानंतरच रोकड की जमीन ही निवड. जमीन मागायची असेल तर गावाने एकत्र मागावी आणि जागा स्वतः पाहावी, तीही पावसात. उन्हाळ्यात दाखवलेली सपाट, स्वस्त जमीन या तालुक्यात पुष्कळदा ऑगस्टमध्ये पाण्याखाली असते किंवा लाल मुरमाचे माळ निघते, जिथे रताळ्याशिवाय काही धड येत नाही. रताळी वाईट नाहीत. बेळगावच्या बाजारातून ती नवरात्राच्या आधी थेट दिल्लीपर्यंत जातात. पण भात खाऊन वाढलेल्या घराला वर्षभराचे पोट रताळ्यावर काढता येत नाही, एवढे वनखात्याच्या पाहणी अधिकाऱ्याला सांगणारे कुणीतरी त्या जागेवर त्या दिवशी हजर असले पाहिजे.